विहिरीपर्यंतची तार : दाब, प्रवाह व रोध यांचा हिशेब

मावळच्या पाण्यावर वीज होऊं लागल्यास आतां शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. लोणावळ्यास धरणाची कोनशिला १९११ सालीं बसली आणि १९१५ सालीं लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांचें पाणी घाटाखालीं खोपोलीस उतरवून टाटांच्या वीजघरांतून मुंबईच्या गिरण्यांस वीज मिळूं लागली. सुमारें ७० किलोमीटरांच्या त्या वाटेवर विजेचा दाब १,००,००० व्होल्ट ठेविला होता. एवढा दाब कशासाठीं, हें ज्यास उमगलें, त्यास विहिरीवरची मोटार कां तापते हेंही उमगेल.

औंढ्यासारख्या गांवीं पावसाळ्यांत भातखाचरांस पाण्याची वाण नसते. भात निघाल्यावर मात्र भाजीपाला किंवा हरभरा घेणाऱ्याची सारी भिस्त विहिरीवर असते. मीटर घरापाशीं, विहीर शिवाराच्या टोंकास, आणि मधें बाजारांत स्वस्त मिळाली ती तार, असा प्रकार पुष्कळ ठिकाणीं आढळतो. ऐन हंगामांत मोटार जळली म्हणजे दोष मोटारीच्या माथीं मारला जातो. तो खरा कोणाचा, हें साध्या गणितानें ठरवितां येतें.

तीन मापें

पाटाचें उदाहरण घेऊं. पाणी जितक्या उंचीवरून येतें तितका त्यास जोर असतो. विजेच्या या जोरास दाब म्हणतात व तो व्होल्टांत मोजतात. पाटांतून दर क्षणीं किती पाणी वाहतें, तसा तारेंतून वाहणारा प्रवाह अँपिअरांत मोजतात. पाट अरुंद व लांब असल्यास पाण्यास अडथळा होतो. तारेच्या अशा अडथळ्यास रोध म्हणतात व त्याचें माप ओहम होय. गेऑर्ग ओहम या जर्मन शिक्षकानें १८२७ सालीं या तिहींचा संबंध प्रसिद्ध केला :

रोध = दाब ÷ प्रवाह

आणि दर क्षणीं होणारें काम, म्हणजे शक्ति, वॅटमध्यें अशी निघते :

शक्ति = दाब × प्रवाह = प्रवाह × प्रवाह × रोध

तारेची परीक्षा

समजा, विहीर मीटरापासून २०० मीटर दूर असून २.५ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार नेली आहे. वीज जाते व परत येते, म्हणून लांबी ४०० मीटर धरावी. तांब्यासाठीं ०.०१७२ ला मीटरांतील लांबीनें गुणून जाडीनें भागिलें म्हणजे रोध मिळतो : ०.०१७२ × ४०० ÷ २.५ = सुमारें २.७५ ओहम.

आतां हा आंकडा पडताळून पाहूं. परवानाधारक वायरमनकडून विहिरीपाशीं मोटारीऐवजीं पाणी तापविण्याचा २००० वॅटचा हीटर जोडवावा व मापें घ्यावीं. समजा, मीटरापाशीं २३० व्होल्ट, विहिरीपाशीं २०८ व्होल्ट व प्रवाह ८ अँपिअर भरला. तारेंत २२ व्होल्ट खर्ची पडले; २२ ÷ ८ = २.७५ ओहम. दोन्ही उत्तरें जुळलीं, अर्थात् सांधे ठीक असून दोष तारेच्या बारीकपणाचा आहे. मोजलेला रोध पुष्कळ अधिक भरता, तर कोठें तरी सांधा सैल किंवा गंजलेला आहे असें समजावें.

हिशेबाचा ताळाही पाहावा. मीटरापाशीं २३० × ८ = १८४० वॅट. हीटरास २०८ × ८ = १६६४ वॅट. तारेंत ८ × ८ × २.७५ = १७६ वॅट. शेवटच्या दोहोंची बेरीज १८४० च होते. हे १७६ वॅट तार तापविण्यांत गेले; पैसे मात्र त्यांचेही भरावे लागतात.

मोटारीचा प्रकार

हीटरास लागू असलेलें सूत्र मोटारीस जसेंच्या तसें लावूं नये. चालत्या मोटारीचा दाब प्रवाहानें भागून तिच्या गुंडाळीचा रोध निघत नाहीं. शक्ति काढतांनाही दाब व प्रवाह यांच्या गुणाकारास शक्तिगुणकानें गुणावें लागतें. तो ०.८ असेल तर २३० × १० × ०.८ = १८४० वॅट. तारेंतील उष्णतेचा नियम मात्र कायम राहतो. १० अँपिअर घेणारी मोटार याच तारेवर चालविली तर १० × १० × २.७५ = २७५ वॅट वाटेंतच जातात.

दाब घटला म्हणजे भाराखालची मोटार सामान्यतः अधिक प्रवाह ओढते. प्रवाह वाढला कीं तारेंत दाब आणखी घटतो. सुरू होतांना तर ती नेहमीच्या कित्येक पट प्रवाह मागते, आणि दाब दहांत एकानें उतरल्यास तिचें सुरुवातीचें बळ जवळजवळ पांचांत एकानें घटतें. मग ती नुसती गुरगुरते, फिरत नाहीं, आणि गुंडाळी जळते.

उपाय

तीच तार ६ चौरस मिलिमीटरांची घेतल्यास रोध सुमारें १.१५ ओहम व नुकसान ११५ वॅट होतें. वांचलेले १६० वॅट रोज ६ तासांप्रमाणें ९० दिवसांत ८६.४ युनिट भरतात. अ‍ॅल्युमिनियमचा रोध तांब्याच्या सुमारें दीडपटीहून अधिक असल्यानें त्याची तार त्या मानानें जाड घ्यावी. मीटरापाशींच दाब कमी येत असेल तर जाड तारेनें तो दोष जाणार नाहीं. त्याची तक्रार वीज मंडळीकडे मोजलेल्या आंकड्यांसह करावी.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. १०,००,००० वॅट शक्ति १,००० व्होल्टांनीं पाठवावयाची तर १,००० अँपिअर लागतात. १,००,००० व्होल्टांनीं १० च पुरतात. प्रवाह शंभरावा हिस्सा झाला, म्हणून त्याच तारेंतील नुकसान दहाहजारावा हिस्सा होतें. आपणांस पंपाचा दाब वाढवितां येत नाहीं. तारेचा रोध कमी करणें मात्र आपल्या हातीं आहे. यास्तव नवी मोटार घेण्यापूर्वीं प्रत्येकानें आपल्या तारेची लांबी व जाडी कागदावर मांडून हा हिशेब एकवार करून पाहावा.