प्रोसेसरच्या आधी बोर्ड बघ

भाचीबाई, कॉम्प्युटर घरीच जोडायचा ठरवलास, छान केलंस. शिकायला मिळेल आणि पैसा नेमका कुठे गेला हेही कळेल. पण लॅमिंग्टन रोडला जाण्याआधी मामाचं थोडं ऐकून जा. तिथे काउंटरवर पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आय५ पाहिजे की आय७?" त्याला उत्तर देऊ नकोस. उलट तूच विचार, "कितवी जनरेशन? सॉकेट कोणतं?" समोरच्याचा सूर लगेच बदलतो.

आय७ ही नुसती पाटी आहे. २०१७चा आय७-७७०० चार कोअरचा, २०२२चा आय५-१२४०० सहा कोअरचा, आणि हा आय५ त्या आय७ला सहज मागे टाकतो. 'आय७, १६ जीबी, एसएसडी' असं लिहून स्वस्तात विकलेले कॉम्प्युटर उघडून बघ. बऱ्याचदा आत एच६१चा बोर्ड, दुसऱ्या-तिसऱ्या जनरेशनचा प्रोसेसर आणि डीडीआर३ रॅम निघते. विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १०चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५मध्ये संपला. तसल्या सौद्याकडे फिरकू नकोस.

आता मुद्द्याचं. प्रोसेसर एकटा विकत घेता येत नाही. त्याच्यामागून सॉकेट येतं, सॉकेटमागून बोर्ड, आणि बोर्डामागून रॅमची जात. बिलावर तीन ओळी दिसतात, निर्णय मात्र एकच असतो. म्हणून आधी हे त्रिकूट ठरव, मॉडेल नंबराचा घोळ नंतर घाल.

एएमडीचं एएम४ हे जुनं सॉकेट फक्त डीडीआर४ घेतं. सप्टेंबर २०२२मध्ये आलेलं एएम५ फक्त डीडीआर५ घेतं. इंटेलच्या एलजीए१७००वर बारावी, तेरावी आणि चौदावी जनरेशन बसते, आणि इथेच लोक फसतात. हे प्रोसेसर डीडीआर४ही चालवतात आणि डीडीआर५ही, पण बोर्ड दोन्हीपैकी एकच घेतो. नावात 'डी४' किंवा 'डीडीआर४' लिहिलंय का, ते खोक्यावर वाच. ऑक्टोबर २०२४मध्ये आलेल्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेला एलजीए१८५१ लागतं, आणि तिथे पुन्हा फक्त डीडीआर५. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना पिना २८८च असतात, पण मधली खाच वेगळ्या जागी असते. एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी बसत नाही. बसत नसेल तर दाबायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

माझं मत विचारशील तर सगळंच नवं घेणार असशील आणि पाचसहा वर्षं तेच वापरायचं असेल, तर एएम५ घे. २०२७पर्यंत आणि पुढेही या सॉकेटवर नवे प्रोसेसर देऊ, असं एएमडीने जाहीर केलंय. म्हणजे उद्या बोर्ड न बदलता नुसता प्रोसेसर बदलता येईल. रायझन ५ ७६०० तुझ्या कामाला भरपूर झाला. सहा कोअर, ६५ वॅट, खोक्यात कूलर आणि कामचलाऊ ग्राफिक्सही त्यातच. पण दादाच्या जुन्या मशीनमधली डीडीआर४ रॅम तुझ्याकडे पडून असेल, तर हिशोब फिरतो. २०२५च्या उत्तरार्धात एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप्स उचलायला सुरुवात केली आणि रॅमचे भाव भडकले. अशा वेळी घरची रॅम वापरून रायझन ५ ५६०० किंवा डीडीआर४ बोर्डावर आय५-१२४००एफ जोडण्यात काही कमीपणा नाही. अंथरूण पाहून पाय पसरलेले बरे.

नंबरामागची अक्षरं नीट वाच. त्यांच्यात पैसे बुडतात. इंटेलचं 'एफ' म्हणजे आत ग्राफिक्स नाही. वेगळं कार्ड घेणार नसशील तर एफ घेऊन काळा पडदा बघत बसशील. 'के' म्हणजे ओव्हरक्लॉक करता येणारा. तो झेड मालिकेच्या बोर्डाशिवाय घेण्यात अर्थ नाही, आणि के बरोबर कूलर सहसा येत नाही. एएमडीकडे एएम४च्या काळात 'जी' असेल तरच ग्राफिक्स, एएम५च्या रायझन ७०००मध्ये मात्र 'एफ' सोडून सगळ्यांत थोडं तरी असतं. 'जी'चा एक छुपा तोटा असतो. ५६००जीत एल३ कॅश १६ एमबी, साध्या ५६००मध्ये ३२. पुढे ग्राफिक्स कार्ड लावायचंच असेल तर जी घेऊ नकोस. 'एक्स३डी' हे खेळाडूंचं खूळ. गेममध्ये त्याचा फायदा खरा आहे, पण ऑटोकॅड आणि एक्सेलसाठी त्याला जादा पैसे मोजू नकोस. ऑटोकॅडची बहुतेक कामं एकाच कोअरवर चालतात. तिथे कोअरची संख्या नाही, एका कोअरचा वेग बघायचा. ब्लेंडरमध्ये रेंडर करणार असशील तर मात्र जितके कोअर तितकं बरं.

आणि वॅटकडे डोळेझाक नको. विदर्भातल्या मे महिन्यात खोलीच चाळीसच्या वर जाते, तिथे १२५ वॅटचा प्रोसेसर थंड ठेवायला वेगळा खर्च लागतो.

तेराव्या-चौदाव्या जनरेशनच्या इंटेलबद्दल एक सावधगिरी सांगतो. त्यातल्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरांत व्होल्टेज वाढून मशीन बंद पडण्याची तक्रार निघाली. २०२४मध्ये इंटेलने बायोसमार्फत दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. नवा घेतलास तर विंडोज टाकण्याआधी बायोस अपडेट कर. जुना, कोणी वापरलेला मात्र घेऊच नकोस. त्याने किती सोसलंय ते बाहेरून दिसत नाही.

सॉकेट जुळलं म्हणजे सगळं जुळलं, असंही नाही. बोर्ड गोदामात वर्षभर पडून असेल तर त्याचा बायोस तुझ्या प्रोसेसरला ओळखतच नाही. बी४५०वर रायझन ५००० लावणाऱ्यांना हे चांगलं माहीत आहे. बोर्ड कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलची सीपीयू सपोर्ट लिस्ट असते, प्रोसेसरपुढे किमान बायोस व्हर्जन लिहिलेलं असतं. दुकानदाराला तिथेच अपडेट करून द्यायला सांग. मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्ड मिळाला तर उत्तमच, प्रोसेसर न लावता पेनड्राइव्हवरून काम होतं.

पैसे देण्याआधी बोर्डाचं खोकं काउंटरवरच उघडायला लाव. सॉकेटवरची प्लॅस्टिकची झाकणी काढ, मोबाइलचा टॉर्च तिरपा धर आणि पिनांच्या रांगा बघ. एएम५मध्ये १७१८ पिना असतात. सगळ्या सारख्या चमकल्या पाहिजेत, एखादी वाकडी असेल तर तिची चमक वेगळी दिसते. फोटो काढून ठेव. वाकलेली पिन वॉरंटीत धरत नाहीत आणि घरी गेल्यावर कोण म्हणणार ती आधीपासून वाकडी होती? प्रोसेसर सीलबंद खोक्यातलाच घे. सुटा 'ट्रे' माल थोडा स्वस्त पडतो, पण खोक्यातल्या मालासारखी कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी त्याला नसते. बिल पक्कं, त्यावर सीरियल नंबर लिहिलेला.

आता रॅम. एक १६ जीबीची पट्टी घेण्यापेक्षा आठ-आठच्या दोन बऱ्या, कारण दोन चॅनल एकदम चालतात. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स वापरणार असशील तर हा फरक डोळ्यांना दिसतो, त्याची मेमरी हीच रॅम. मात्र आठ-आठची जोडी डीडीआर४लाच बरी. डीडीआर५मध्ये आठच्या पट्टीवर चिप्स मोजक्या असतात आणि ती थोडी मंद पडते, म्हणून परवडत असेल तर सोळा-सोळाची जोडी. दोन्ही पट्ट्या एकाच पॅकेटातल्या हव्यात. आज एक घेतो, दिवाळीत तशीच दुसरी घेतो, असं मनात आणू नकोस. तोच मॉडेल नंबर असून आत चिप्स दुसऱ्या कंपनीच्या निघू शकतात. चार स्लॉट दिसले म्हणून चारही भरायचे नसतात. रायझन ७०००मध्ये दोन पट्ट्यांना अधिकृत वेग ५२००, चार लावल्या की ३६००.

वेगाच्या आकड्याला भुलू नकोस. ३२००च्या रॅमचा सीएल, म्हणजे उत्तर यायला लागणारी चक्रं, १६, ६०००च्या रॅमचा सीएल ३०. सीएलला दोन हजाराने गुण, वेगाने भाग, दोन्हीकडे दहा नॅनोसेकंदच येतात. एएम५ला ६००० सीएल ३० पुरे. बरंच वर गेलं की मेमरी कंट्रोलर अर्ध्या गतीने चालू लागतो आणि जादा पैसे देऊन काही हाती लागत नाही. एच६१०च्या बोर्डावर ३६००ची डीडीआर४ लावलीस तरी ती ३२००वरच चालेल. बाजारात सर्व्हरमधून काढलेली 'रजिस्टर्ड' डीडीआर४ स्वस्त मिळते. ती स्लॉटमध्ये बसते, पण आपल्या साध्या बोर्डावर मशीन चालूच होत नाही. पट्टीवर उंच हीटसिंक असेल तर ती कूलरला अडणार नाही ना, तेही मोजून घे.

बसवताना प्रोसेसरपासून मोजलेला दुसरा आणि चौथा स्लॉट वापर. पट्टीची खाच जुळव, दोन्ही टोकं अंगठ्यांनी सरळ दाब, खटका ऐकू आला पाहिजे. एएम५ पहिल्यांदा चालू केलंस की पडदा काही मिनिटं काळाच राहील, पंखे फिरत राहतील. मेमरीचं ट्रेनिंग चाललेलं असतं. घाबरून बटण दाबू नकोस.

पडदा दिसला की बायोसमध्ये जा आणि एक्सपो चालू कर, इंटेलवर एक्सएमपी. हे न केल्याने ६०००ची रॅम घेतलेले कितीतरी लोक ती वर्षानुवर्षं ४८००वर चालवतात. मग मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालव. एक जरी एरर आली तर आधी एक्सपो बंद करून पुन्हा तपास. तरीही आली तर जोडी पॅकेटासकट दुसऱ्याच दिवशी दुकानात घेऊन जा. महिना उलटला की दुकानदार तुला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा पत्ता देईल.