बिनतारी जाळें कां तुटतें?

लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या लॅपटॉपचें वाय-फाय मधूनमधून तुटूं लागलें, कीं घरांत दोन सल्ले हटकून निघतात: 'नवा घ्या' अथवा 'फॉरमॅट करा'. पहिल्यानें पालकांच्या खिशास चाट बसते, दुसऱ्यानें विद्यार्थ्याचीं टिपणें जातात. आणि मूळ कारण बहुधा तसेंच राहतें. म्हणून शोध कोणत्या क्रमानें करावा, हें आम्ही येथें सांगूं इच्छितों.

प्रथम जाळें तुटण्याची वेळ वहींत टिपावी. त्याच जागीं, त्याच वेळीं दुसऱ्या यंत्राचेंहि जाळें तुटत असेल, तर दोष राउटरचा, बाहेरील जोडणीचा वा त्या जागेचा समजावा. केवळ लॅपटॉपचेंच तुटत असेल, तर पुढें जावें.

मग संकेताचें बळ पाहावें. 'आय-डब्ल्यू' ही आज्ञा तें 'डीबीएम' ह्या मापांत सांगते. उणे ५० उत्तम. उणे ८० क्षीण. २·४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंतींतून बराच पार जातो, परंतु तेथें शेजाऱ्यांची गर्दी फार. एकमेकांस न अडविणाऱ्या वाहिन्या १, ६ व ११ अशा तीनच धरतात. मायक्रोवेव्ह भट्टीहि ह्याच पट्ट्यांत चालते. ५ गिगाहर्ट्झवर गर्दी कमी, पण भिंतीचा अडथळा अधिक.

बळ पुरेसें असूनहि जाळें तुटतें काय? मग विजेच्या बचतीकडे पाहावें. बॅटरी टिकावी म्हणून वाय-फायचा भाग क्षणोक्षणीं डुलकी घेतो, आणि कांहीं यंत्रांस ती मानवत नाहीं. 'नेटवर्क-मॅनेजर'च्या मांडणींत वाय-फाय पॉवरसेव्हचें मूल्य २ लिहून लॅपटॉप पुन्हा सुरू केल्यास ही बचत बंद होते. ३ लिहिल्यास ती चालू होते. बॅटरी थोडी लवकर उतरेल, इतकेंच.

एवढ्यानेंहि न भागल्यास 'जर्नल-सीटीएल' ही आज्ञा देऊन प्रणालीची नोंदवही उघडावी, आणि वहींत टिपलेल्या वेळेशीं ती ताडून पाहावी. राउटरनें संबंध तोडला, कीं लॅपटॉपमधील फर्मवेअर कोसळलें, हें तेथें बहुधा लिहिलेलें असतें. फर्मवेअरचा दोष दिसल्यास तें व प्रणालीचा गाभा अद्ययावत् करावा. हा गाभा लिनस टोरवाल्ड्स यांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केला. त्याची मूळ आज्ञावली सर्वांस वाचावयास खुली असल्यानें असे दोष पुष्कळांच्या नजरेस पडून दुरुस्त होतात.

मात्र विद्यार्थिमित्रांनो, एका वेळीं एकच बदल करा, आणि दिवसभर वाट पाहा. दोन औषधें एकदम दिलीं, तर गुण कोणत्याचा आला, हें वैद्यासहि सांगतां येत नाहीं.