खुलभर दूध आणि आपली बचत

ताईंनो, श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी तुम्हाला पाठच असेल. राजाने महादेवाचा गाभारा दुधाने भरायचा हुकूम काढला. भीतीपोटी लोकांनी मुलांचं, वासरांचंही दूध नेऊन ओतलं. गाभारा भरेना. एका म्हातारीने आधी मुलाबाळांना, गाईवासरांना पाजलं, मग उरलेलं खुलभर दूध वाहिलं. गाभारा भरला!

न्हावा-शेव्याच्या आपल्या घरांत ही कहाणी सांगाल तेव्हा मुलांना विचारा: राजाचं काय चुकलं? त्यांना बोलू द्या. पुण्य राजाला हवं होतं, उपाशी मात्र वासरं राहिली.

आता स्वतःला विचारा: गटाचा हप्ता पोरांच्या दुधातून तर जात नाही ना? जात असेल तर बैठकीत बोला. बचतीची रक्कम आपला गटच ठरवतो, ती कमीही करता येते.