पपईची मूळकुज : रोग येण्याआधीची आळवणी

कोरपना तालुक्यातली काळी जमीन कापसाला मानवते, पण पावसाळ्यात पपईला जड जाते. पाणी बुंध्याशी दोन दिवस तुंबलं की पिथियम आणि फायटोप्थोरा मुळांत शिरतात. दुकानातून बहुतेकदा कार्बेन्डाझिमची पुडी हातात पडते. या दोघांवर ते चालतच नाही. त्यापेक्षा झाडाची स्वतःची प्रतिकारशक्ती आधीच जागी करावी. मात्र सडलेल्या मुळाला यातलं काहीच वाचवत नाही.

पहिलं काम गादीवाफ्याचं. दीड फूट उंच वाफा, दोन्ही बाजूंनी उताराकडे जाणारे चर. एवढं होत नसेल तर औषधावर पैसे घालू नयेत.

लावणीच्या आठवडाभर आधी पिशवीतल्या रोपांना सॅलिसिलिक आम्ल द्यावं, 10 लिटर पाण्याला 1.4 ग्रॅम. वजन सोनाराकडे असतो तसल्या लहान काट्यावरच करावं. चमच्याच्या अंदाजानं जास्त पडलं तर कोवळी मुळं करपतात. थंड पाण्यात ते लवकर विरघळत नाही, सुयांसारखे पांढरे कण तळाशी बसतात. म्हणून आधी लिटरभर कढत पाण्यात, प्लास्टिकच्या बादलीत, कण दिसेनासे होईतो काडीनं ढवळावं आणि मग उरलेलं पाणी घालावं. गंजक्या लोखंडी बादलीत द्रावण जांभळं पडतं. निवल्यावर वाफशावरच्या पिशवीला 50 मिली घालावं. रोपात बचावाची प्रथिनं तयार व्हायला काही दिवस लागतात, म्हणून ही घाई आधीची.

लावणीनंतर रोप रुजलं की फोसेटिल-अ‍ॅल्युमिनियम, लिटरला 2 ग्रॅम. हे पानांतून खाली मुळांपर्यंत उतरतं, त्यामुळे चिखलात बुंध्यापर्यंत जाता येत नसलं तरी फवारणी कामी येते. पपईचं पान मेणचट, तेव्हा स्टिकर हवाच. सकाळी, उघाड बघून फवारावं. बोर्डो किंवा दुसरं कुठलंही तांब्याचं औषध यात मिसळू नये, लागोपाठही देऊ नये. डब्याच्या लेबलावर पपई नसेल तर सिंदेवाहीच्या कृषी विज्ञान केंद्राला विचारून मगच वापरावं. ते जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला आहे, पण फोनवर काम भागतं.

पावसाळाभर बुंधे बघत राहावं. खालची पानं पिवळी पडून लोंबली तर जमिनीलगतची साल नखानं खरवडावी. पांढरा चीक आला तर ठीक. आत तपकिरी, पाणचट, घाण वासाचं निघालं तर झाड मुळासकट काढून वावराबाहेर जाळावं. खड्ड्यात चुना टाकावा, आणि त्या जागी लगेच दुसरं रोप लावू नये.