कथेचा काळ कोणता?

प्रश्न : मी पहिलीच कथा लिहिते आहे. निम्मी भूतकाळात लिहून झाली, पण तेच वर्तमानकाळात लिहिलं की जास्त जिवंत वाटतं. कोणता काळ निवडू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी एवढं ठरवा : गोष्ट सांगणाऱ्याला शेवट ठाऊक आहे का? ठाऊक असेल तर भूतकाळ घ्या. त्यात दहा वर्षं एका वाक्यात ओलांडता येतात, ‘तेव्हा मला कळलं नव्हतं’ असं म्हणता येतं. सांगणारा पात्रासोबतच चाचपडत असेल, तर वर्तमानकाळ. हिलरी मँटेल यांची ‘वुल्फ हॉल’ (२००९) ही कादंबरी सोळाव्या शतकातल्या इंग्लंडची, तरीही वर्तमानकाळात आहे. तिचा नायक थॉमस क्रॉमवेल याचा पुढे शिरच्छेद झाला हे आपल्याला माहीत असतं. त्या क्षणी जगणाऱ्या क्रॉमवेलला नसतं.

मराठीत लिहिताना आणखी दोन गोष्टी पाहा. ‘ती दार उघडते’ म्हणजे आत्ता की रोज? आपला साधा वर्तमानकाळ दोन्हीकडे चालतो, म्हणून ‘तेवढ्यात’, ‘आज’ असा एखादा शब्द जवळ ठेवावा लागतो. भूतकाळात हा घोळ नाही : ‘तिनं दार उघडलं’ एकदा, ‘ती दार उघडायची’ रोज.

दुसरी गोष्ट अधिक मजेची. ‘मी दार उघडलं’ यात सांगणारा पुरुष की बाई, ते कळत नाही. क्रियापद ‘दार’ या शब्दाप्रमाणे चालतं. ‘उघडतो’ किंवा ‘उघडते’ म्हटलं, की लगेच कळतं. काही लपवायचं असेल, तर हे आधीच लक्षात घ्या.

काळ मध्येच बदलणं हा गुन्हा नव्हे. ‘काल स्टँडवर गेले आणि बघते तर काय, एसटी सुटलेली!’ असं आपण रोज बोलतो. व्याकरणात याला ऐतिहासिक वर्तमानकाळ म्हणतात. मात्र तो ऐन क्षणापुरता वापरा आणि परत या.

आता तुमच्या ‘जिवंत’पणाबद्दल. ‘आई रागावते’ हे ‘आई रागावली’पेक्षा जिवंत नाही. ‘आईनं वाटी ओट्यावर आपटली’ हे मात्र भूतकाळात असूनही कानात वाजतं. एक पान दोन्ही काळांत लिहा, मोठ्यानं वाचा. फरक फक्त क्रियापदांतच पडला असेल, तर काळ बदलू नका. तो प्रसंग पुन्हा जवळून पाहा.