यकृतदात्याची शस्त्रक्रिया

शस्त्रक्रिया सामान्यतः रोग्यावर केली जाते आणि तिची इजा तो रोगमुक्तीसाठी सोसतो. जिवंत यकृतदात्याची गोष्ट निराळी आहे. तो निरोगी असतो. शस्त्रक्रियेपासून त्याच्या शरीराला कोणताही लाभ होत नाही. म्हणूनच त्याची इजा कमीत कमी राखणे हे शल्यचिकित्सकाचे विशेष कर्तव्य ठरते.

यकृताचा काही भाग काढला, तरी उरलेला भाग वाढून काही महिन्यांत जवळजवळ पूर्वीचे आकारमान गाठतो. या गुणधर्मामुळेच असे दान शक्य होते. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे रसेल स्ट्राँग यांनी मातेच्या यकृताचा भाग तिच्या मुलाला बसवून या प्रकारचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण केले.

खुल्या पद्धतीत दात्याच्या बरगड्यांखाली लांब छेद घ्यावा लागतो. त्यात पोटाचे स्नायू कापले जातात, वेदना अधिक होतात आणि पुढे त्या जागी अंतर्गळ होण्याचाही संभव असतो. २००२ मध्ये फ्रान्समधील डॅनियल शेर्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी दुर्बिणीच्या साह्याने दात्याच्या यकृताचा डावीकडील लहान भाग काढल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. एवढा भाग लहान बालकाला पुरतो. या पद्धतीत पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून जागा निर्माण करतात आणि लहान छिद्रांतून दुर्बीण व उपकरणे आत घालतात. सुटा केलेला भाग पिशवीत ठेवून ओटीपोटावरील आडव्या छेदातून बाहेर काढला जातो.

प्रौढ रोग्याला बहुधा यकृताचा मोठा, उजवा भाग लागतो. तो काढणे अधिक कठीण असते. शिकागो येथील शल्यचिकित्सकांनी यंत्रमानवाच्या साह्याने हे कार्य केल्याचा वृत्तांत २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. येथे यंत्र स्वतः काहीच ठरवीत नाही. शल्यचिकित्सक काही अंतरावर बसून त्रिमितीय दृश्य पाहतो व यंत्राचे बाहू चालवितो. त्यांची उपकरणे मनगटाप्रमाणे वळतात आणि हाताचा सूक्ष्म कंप त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. पित्तनलिका नेमकी कोठे कापावी, हा सर्वांत नाजूक प्रश्न असतो. ती चुकीच्या जागी कापली गेल्यास दाता व रोगी या दोघांनाही धोका पोहोचतो. इंडोसायनिन ग्रीन हे रंगद्रव्य टोचल्यास विशिष्ट प्रकाशात नलिका चमकू लागते आणि हा निर्णय सुकर होतो.

मात्र ही पद्धती खर्चिक आहे आणि तीत प्राविण्य मिळविण्यास दीर्घ अनुभव लागतो. अनपेक्षित रक्तस्राव झाल्यास विनासंकोच पोट उघडण्याची तयारी ठेवावीच लागते. तसे करणे हा पराभव नव्हे. छेद लहान असणे इष्ट खरे, परंतु दाता सुखरूप घरी परतणे, हीच या शस्त्रक्रियेची पहिली कसोटी होय.