खवल्यांची त्वचा आणि विदर्भाचा उन्हाळा

प्रश्न : मुलगी दीड वर्षाची आहे. जन्मली तेव्हा अंगावर प्लास्टिकसारखा पापुद्रा होता. आता सर्वांगाला तपकिरी खवले आहेत. निदान 'लॅमेलर इक्थिओसिस'. उन्हाळ्यात घाम येत नाही, अंग तापतं. ती कधी बरी होईल?
– एक आई, कामठा (जि. गोंदिया)

उत्तर : ताई, हा आजार जनुकीय आहे, तो मुळापासून जात नाही, पण आटोक्यात राहतो. खवल्यांमुळे घामाच्या वाटा अडतात, म्हणून आपल्याकडच्या मे महिन्यात उष्माघाताची भीती खरी आहे. दुपारी बाहेर नेऊ नका. सुती कपडा ओला करून अंगावर ठेवा, कूलरसमोर बसवा. अंग तापून मूल मलूल झालं, तर वाट न पाहता रुग्णालय गाठा.

रोज कोमट पाण्यात थोडा वेळ बसवा, खवले मऊ कापडाने हलके काढा आणि अंग ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली लावा. सॅलिसिलिक ॲसिडचं मलम लहान मुलांना लावू नये. ते रक्तात उतरतं. पापण्या पूर्ण मिटत नसतील तर नेत्रतज्ज्ञांना दाखवा. कानात खवले साचून कमी ऐकू येतं, तेही तपासून घ्या.

मोठेपणी अ‍ॅसिट्रेटिनच्या गोळ्यांनी फरक पडतो. मात्र त्या बंद केल्यावरही ३ वर्षं गर्भधारणा टाळावी लागते.

आई-वडील दोघेही वाहक असल्याने पुढच्या प्रत्येक बाळाला २५ टक्के शक्यता असते. आधी जनुकीय सल्ला घ्या.

अंगणवाडीत स्पष्ट सांगा : हा आजार स्पर्शाने पसरत नाही.